व्यायाम चार दिवसांच्या वर टिकत नाही... गोडी कशी लावून घेतलीत?

डोंबिवलीकरीण:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ४३, घर डोंबिवली पूर्व, ऑफिस लोअर परळला, म्हणजे सकाळी आठच्या आत गाडी पकडायची आणि घरी यायला साडेसात-पावणेआठ. गेल्या महिन्यात ऑफिसचं चेकअप झालं त्यात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. आई डायबेटिक, आत्यापण, त्यामुळे रिपोर्ट बघून पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, पण रोज चालायला लागा, थोडं वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू.

आता खरी अडचण. मी आळशी नाहीये हो, घरचं बाहेरचं सगळं करते, पण व्यायाम म्हटलं की चार दिवसांच्या वर जात नाही. जानेवारीत जवळच्या एका जिमची वर्षाची फी भरली, ऑफर होती म्हणून. ट्रेडमिल भिंतीकडे तोंड करून. समोर लाल आकडे, मी खूप वेळ झाला असेल म्हणून बघायचे तर ४ मिनिटं १० सेकंद. मग त्या आकड्यांवर टॉवेल टाकून चालायला लागले तरी दर दोन मिनिटांनी टॉवेलचा कोपरा उचलून बघायचेच. ट्रेनर पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेला, ते घेतलं नाही तर बघेना. २० फेब्रुवारीनंतर गेले नाही. रथसप्तमीला सोसायटीत १०८ सूर्यनमस्कार होते, उत्साहात ७० घातले आणि नंतर तीन दिवस जिना उतरताना कठडा धरत होते, परत सतरंजी उलगडलीच नाही.

आता पाऊसपण सुरू झालाय. मला "मन खंबीर करा" सोडून काहीतरी सांगा प्लीज, ते मला रोज घरातून ऐकायला मिळतं. ज्यांना आधी अजिबात आवडत नव्हतं आणि आता आवडतं अशांनी सांगा ना नेमकं काय बदललं.

साताराकर:
ताई, तुमची ट्रेडमिल वाचून मला माझीच आठवली. मी ४९ वर्षांचा असताना सुरू केलं, आता ५५. आधी दोनदा धावायचा प्रयत्न करून सोडलं होतं आणि दोन्ही वेळेला कारण एकच, ते मला फार उशिरा कळलं, मी फार जोरात पळायचो. पहिल्या दिवशी शाळेतल्यासारखं पळत सुटायचं, तिसऱ्या मिनिटाला छाती भरून यायची, तोंडात रक्ताची चव, मग कुणाला उद्या परत जावंसं वाटेल? तिसऱ्यांदा एका मित्राने धरून नेलं आणि म्हणाला, माझ्याशी बोलत बोलत पळायचं, बोलणं तुटलं की चालायचं. पहिले दोन महिने आम्ही दोन विजेच्या खांबांएवढं पळायचो आणि पुढचे तीन खांब चालायचो. लाज वाटायची, पण पहिल्यांदाच असं झालं की घरी आल्यावर अंगात काहीतरी शिल्लक होतं, आंघोळ करून नाश्ता करताना बरं वाटायचं. ते बरं वाटणं महत्त्वाचं आहे, शरीराला तेवढंच लक्षात राहतं.

आमच्याकडे सप्टेंबरच्या आसपास सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते, २०१२ पासून. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि तसंच उतरायचं, २१ किलोमीटर. त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर असतं, शाळेतली पोरं लेझीम घेऊन उभी, कुठे ढोल, म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून टाळ्या वाजवतात, धुक्यात आधी आवाज येतो आणि मग माणसं दिसतात. एकदा ते अनुभवलं की त्यासाठी जूनपासून रविवारी पहाटे उठवत नाही असं होतच नाही. तुम्ही मॅरेथॉन पळा असं नाही म्हणत. पण कॅलेंडरवर एक तारीख असू द्या जिची वाट बघावीशी वाटेल, मग ती ५ किलोमीटर चालण्याची असली तरी चालेल. आणि रविवारी चालून झाल्यावर ग्रुपने चहा-पोहे, हे अजिबात चुकवू नका, निम्मी माणसं त्यासाठीच येतात आणि त्यात काही चूक नाही.

निवांत:
मला जरा वेगळं वाटतं. गोडी लागलीच पाहिजे असा हट्ट कशाला? दात घासायला मजा येते का आपल्याला? तरी घासतोच ना. मी गेली ११ वर्षं सकाळी ५.४० ला उठून पाऊण तास चालतो, रोज तोच रस्ता, तीच वळणं, मजाबिजा काही नाही. वेळ ठरवायची आणि त्या वेळेला विचार न करता घराबाहेर पडायचं, एवढंच. मजा शोधत बसलं की रोज नवीन काहीतरी लागतं आणि ते नाही मिळालं की बंद.

डोंबिवलीकरीण:
निवांत, तुमचं कौतुक वाटतं मनापासून, ११ वर्षं म्हणजे खायचं काम नाही. पण माझ्याबाबतीत वेळ ठरवून झालीय हो, तीन वेळा. विचार न करता बाहेर पडते, पडते आणि मग एक दिवस मुलाची परीक्षा किंवा इयर एंडिंग येतं, साखळी तुटते आणि परत धरावीशीच वाटत नाही कारण मनातून सुटकाच झालेली असते. दात घासणं दोन मिनिटांत संपतं, हे पाऊण तास आहे.

फिजिओ_नाशिक:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं कामाचं बोलते. डोंबिवलीकरीण, साखळी तुटण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ना, माझ्या दहातल्या आठ पेशंटचं तेच असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, रोज एक छोटी गोष्ट करायची आणि ती आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते बघायचं. २१ दिवसांचं जे सगळीकडे सांगतात तसं काही निघालं नाही, साधारण मध्यावर ६६ दिवस आले, आणि माणसामाणसांत फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. पण मला त्यातलं आवडतं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. साखळी नसतेच ती खरं तर. एक दिवस गेला तर एक दिवस गेला.

दुसरं, तुमच्या शुगरबद्दल. पाऊण तास एकदम काढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि २०२० च्या सूचनांत तर सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही काढून टाकलीय. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, कारण मांडीचे पोटऱ्यांचे स्नायू काम करताना ती वापरतात. तुम्ही रात्री साडेआठला जेवत असाल तर सोफ्यावर टेकायच्या आधी खाली उतरा आणि बिल्डिंगला फेऱ्या मारा, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये. मध्यम म्हणजे किती तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, बस.

आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम हवंच, चाळिशीनंतर बायकांनी तर हे सोडूच नये. जिमच लागते असं नाही. डायनिंग टेबलच्या खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं आणि सावकाश बसायचं, १० वेळा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तीन राउंड होतात. ओट्याला हात लावून तिरकं होऊन दंड काढायचे. ७० सूर्यनमस्कार पहिल्या दिवशी नकोत, ६ घाला, आठवड्याने ८. तुम्हाला दुखलं ते व्यायामामुळे नाही, एकदम झालं म्हणून. आणि घड्याळातल्या दहा हजार पावलांचा धाक बाळगू नका, तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय, त्यांच्या भाषेत नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. सहा-सात हजार होत असतील तरी शरीराला फायदा होतोच.

ठाण्याची_आजी:
मी ६१ वर्षांची, नातवंडं आहेत, म्हणून हे नाव. मेघ दाटलेत आणि तुम्ही नेमका जूनमध्येच धागा काढलात, मला राहवेना म्हणून लिहितेय.

आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, १६ जणी, सगळ्यात लहान २७ ची आणि मोठी मी. श्रावणात मंगळवारी (आता तर शनिवार-रविवारीसुद्धा) लोकं खेळ करायला बोलावतात, त्याची प्रॅक्टिस आषाढाच्या आधीपासून सुरू होते, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये. मी या ग्रुपमध्ये आले ती ५२ व्या वर्षी, मिस्टर गेल्यानंतर, भावजयीने ओढून नेलं म्हणून. व्यायाम करायचा म्हणून मी आयुष्यात कधी घराबाहेर पडले नव्हते. आणि तिथे पहिल्या दिवशी नुसता झिम्मा घातला, वीस मिनिटं, तर ब्लाऊज घामाने चिंब आणि मी हसत होते, किती महिन्यांनी हसले होते ते मला माहीत.

लोकांना वाटतं बायकांचे खेळ, मजा मजा. करून बघा म्हणावं. फुगडीत पायाचे अंगठे जुळवून, हाताला आढी घालून मागे रेलायचं, समोरचीच्या वजनावर आपलं वजन तोलायचं, पोट पाठ दंड सगळं ताणलेलं असतं आणि श्वास धरून चालत नाही कारण गाणं म्हणायचं असतं. बसफुगडी तर उकिडवं बसून, त्यात मांड्या अशा पेटतात की जिमवाल्या मुलीसुद्धा दुसऱ्या मिनिटाला खाली टेकतात. पिंगा, कीस बाई कीस, आगोटा पागोटा, लाट्या, गाठोडं, सूप घेऊन, घागर घेऊन, सव्वा तासाचा कार्यक्रम असतो आणि मधे थांबायचं नाही. आणि मुख्य म्हणजे जोडी असते. मी नाही गेले तर माझी जोडीदारीण नुसती उभी राहते. पाऊस पडतोय, डोकं दुखतंय, कंटाळा आलाय, काही असो, ती एकटी उभी राहील हे डोळ्यापुढे आलं की मी छत्री घेऊन निघते. निवांत भाऊ, तुमच्यासारखा निग्रह सगळ्यांकडे नसतो, आमच्यासारख्यांना माणूस लागतो.

गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येत असेल तर फुगडी नका करू, झिम्मा, टिपऱ्या, सुपाचे खेळ करा, तेही पुरे. डोंबिवलीत असे ग्रुप भरपूर आहेत, कुठल्याही महिला मंडळात विचारा, नवीन बायका त्यांना हव्याच असतात. श्रावण संपला की आम्ही नवरात्रात भोंडला, गरबा असं करत करत दिवाळीपर्यंत जातो.

हेडफोनवाला:
आजी, एक नंबर. मी जरा तरुण मंडळींसाठी लिहितो, वय २९, पुण्यात आयटी. मला कोणी सोबत नको असतं, दिवसभर मीटिंगमध्ये बोलून डोकं उठलेलं असतं. माझ्यासाठी कानातल्या गोष्टीने काम केलं. एक थरारक कादंबरी ऑडिओवर सुरू केली आणि नियम केला की ती फक्त तळजाई टेकडीवर चालतानाच ऐकायची, घरी नाही, बाइकवर नाही, झोपताना तर नाहीच. पहिला भाग खून कोणी केला यावर तुटला तेव्हा मी घराच्या गेटपाशी होतो आणि मी चक्क वळून अजून एक फेरी मारून आलो.

नंतर कळलं की यावर अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात प्रयोगच झालाय, काही जणांना अशाच चटक लावणाऱ्या कादंबऱ्या आयपॉडवर दिल्या आणि तो आयपॉड जिममध्येच कुलपात ठेवला, तर ते सुरुवातीला बाकीच्यांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला आले. पण त्याचा पुढचा भागही सांगायला हवा, नोव्हेंबरमधली थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि त्यानंतर तो परिणाम ओसरला. माझंही अगदी तेच झालं, दिवाळीला गावी गेलो, आठ दिवस फराळ, परत आल्यावर बूट सापडेनात. त्यामुळे आता मी सुट्टीला जायच्या आधी परत आल्यानंतरचा पहिला दिवस ठरवून जातो आणि गोष्ट मुद्दाम ऐन रंगात अर्धी सोडून जातो. रस्त्यावर चालत असाल तर एकच कान लावा, गाड्या ऐकू आल्या पाहिजेत.

लीड्सची_पाहुणी:
मी मूळची कल्याणची, त्यामुळे डोंबिवली वाचून थांबले. लीड्सला येऊन सहा वर्षं झाली. इकडे हिवाळ्यात दुपारी चार वाजता अंधार, पहिल्या वर्षी मी घरात बसून बसून इतकी खचले की आईशी फोनवर बोलताना उगाच रडू यायचं. शेजारच्या बाईने एका शनिवारी पार्करनला नेलं. पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी ९ ला जवळच्या बागेत ५ किलोमीटर, पळा नाहीतर चाला, पैसे शून्य. एकदाच नाव नोंदवायचं, एक बारकोड मिळतो तो घेऊन जायचं, शेवटी स्कॅन करतात आणि तुमची वेळ घरी मेलवर येते. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ जण पळाले तिथून हे सुरू झालं, आता कितीतरी देशांत चालतं आणि सगळं स्वयंसेवकांवर.

मला भीती एकच, मी सगळ्यात शेवटी येणार आणि सगळे थांबलेले असणार. तर त्यांच्याकडे एक स्वयंसेवक असतो त्याचं कामच सगळ्यात शेवटी चालायचं. तो कायम शेवटचा, म्हणजे तुम्ही शेवटच्या होऊच शकत नाही. पहिल्या दिवशी मला ५४ मिनिटं लागली, डिसेंबर होता, नऊला जेमतेम उजाडलेलं, गवतावर दंव, आणि तो भगवं जाकीट घातलेला म्हातारा माझ्याबरोबर सगळा वेळ त्याच्या कुत्र्याबद्दल बोलत चालत होता. माझे आता ३४ शनिवार झालेत आणि गेल्या महिन्यात ते शेवटी चालायचं काम मी मागून घेतलं. एक नवीन बाई होती, अर्ध्यात म्हणाली मी परत जाते, तुमचा खोळंबा होतोय. मी म्हटलं अहो मी तुमच्यासाठीच आलेय.

ताई, तुम्ही सोसायटीत हे करू शकता. वार ठरलेला, वेळ ठरलेली, कुणी एक माणूस कायम शेवटी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कोण येतंय" असं विचारायचं नाही, विचारलं की सगळे बघू म्हणतात. "रविवारी ६.३०, गेटपाशी, मी आहे" एवढंच टाकायचं आणि खरंच जाऊन उभं राहायचं.

निवांत:
आजींचं "जोडीदारीण नुसती उभी राहते" वाचून दोन दिवस विचार करत होतो. मी वर लिहिलं की मजाबिजा काही नाही, पण खरं सांगायचं तर माझ्या वाटेवर एक दूधवाला आणि एक रिटायर्ड मास्तर रोज भेटतात, मास्तर "आलात का" म्हणतात आणि मी "आलो" म्हणतो. मास्तर मधे दहा दिवस दिसले नाहीत तर चैन पडेना, शेवटी घर शोधत गेलो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा माणूस मलाही लागतोच म्हणायचं. ताई, तुम्ही सुरू केलंत का?

डोंबिवलीकरीण:
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा, पण सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर १५ मिनिटं पार्किंगमध्ये चालते, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंबरोबर. त्यांना मी विचारलं नव्हतं, मी दोन दिवस एकटी फिरताना दिसले तर त्या स्वतःच उतरल्या. चार दिवस चुकले मधे (ऑडिट), पाचव्या दिवशी त्यांनीच इंटरकॉम केला. खुर्चीचं उठबस कुकरबरोबर चालू आहे, फिजिओताई, परवा लोकलमध्ये खाली पडलेली पिशवी उचलायला वाकून उठले तर गुडघा कुरकुरला नाही. रविवारी ६.३० चा मेसेज टाकला होता, पहिल्या रविवारी मी आणि काकू, दुसऱ्या रविवारी पाच जणी आणि एक काका, सावळाराम क्रीडा संकुलापर्यंत चालत गेलो, येताना वडापाव नाही, इडली. काका सगळ्यात मागे चालतात, त्यांना ते काम फार आवडलंय. साताराकर, चहा चुकवत नाही, बिनसाखरेचा घेते.

आणि आजी, फडके रोडच्या मागे एका मंडळात मंगळागौरीची प्रॅक्टिस चालते तिथे गेले. गुरुवार आणि शनिवार. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी होते तर एका मुलीने सरळ हात पुढे केले, वीस-बावीसची असेल, माझ्या भाचीएवढी, मला काही सुचायच्या आत आम्ही गोल फिरत होतो, हॉलचे पंखे, खिडक्या, बायकांचे रंग सगळं एकत्र झालं आणि थांबलो तेव्हा घड्याळात पावणेनऊ. सव्वासातला गेले होते. एकदाही बघितलं नव्हतं घड्याळाकडे. टेस्ट अजून व्हायचीय, सप्टेंबरमध्ये, सांगेन.

एक विचारायचं होतं. फुगडीत घामाने हात सुटतात, दोनदा मी मागच्या मागे गेले. पावडर लावतात का?

ठाण्याची_आजी:
अगं पावडरने अजून निसटतात. रुमाल कमरेला खोचून ठेव, प्रत्येक वेळी पुसायचे. आणि बोटांत बोटं नका घालू, एकमेकींची मनगटं धरा, घट्ट. अंगठे जुळवलेले जागचे हलू द्यायचे नाहीत, मग पाहिजे तेवढी मागे रेल, ती धरते तुला.